कुंडीतील कागदी लिंबू : पहिल्या दोन वर्षांची निगा आणि फांद्या मोडू न देण्याची काळजी

गच्चीवर किंवा बाल्कनीत ठेवलेल्या लिंबूवर्गीय रोपाची फांदी बहुतेक वेळा एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या वाऱ्यात किंवा पावसाळ्यातील झडीत मोडते आणि आपण वाऱ्याला दोष देतो. मोडलेली जागा जवळून पाहिली, तर तिथे वाऱ्याखेरीज आणखी काही आढळते. दोन फांद्यांमधले बेचके फार अरुंद असते, काठीला घट्ट बांधलेल्या दोरीने साल कापलेली असते किंवा पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर चार-पाच फळे लोंबत असतात. या तिन्ही गोष्टी रोप घरी आणल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत घडतात आणि तिन्ही आपल्या हातात असतात. पुढील माहिती मुख्यतः कागदी लिंबासाठी आहे. मोसंबी किंवा संत्रे कुंडीत लावणाऱ्यांसाठी जिथे वेगळे करावे लागते, तिथे तसे सांगितले आहे.

रोप निवडताना

कागदी लिंबाची रोपे तीन प्रकारे मिळतात : बियांपासून केलेली, गुटी बांधून (झाडावरच्या फांदीलाच मुळे फोडून) केलेली आणि खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या रोपाच्या बुंध्यावर, हव्या त्या झाडाचा डोळा भरून केलेली. कागदी लिंबाच्या एका बीतून बहुधा एकाहून अधिक अंकुर निघतात आणि त्यांतले बरेचसे गुणांनी मूळ झाडासारखेच असतात. त्यामुळे या पिकाची लागवड बियांच्या रोपांपासून करण्याची पद्धत जुनी आहे. अशा रोपाला सोटमूळ असते, काटे अधिक असतात आणि फळे यायला साधारण चार ते पाच वर्षे लागतात. गुटीच्या रोपाला फुले लवकर, कधी कधी पहिल्याच वर्षी येतात, परंतु त्याला सोटमूळ नसते आणि मुळे वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे ते वाऱ्याने कलंडण्याचा धोका अधिक असतो. मोसंबी आणि संत्रे मात्र जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरूनच घ्यावे.

लवकर फळे देणारे रोप हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही नवख्या माणसाने कुंडीसाठी बियांपासूनचे रोप घ्यावे, असे मी सुचवीन, कारण त्याच्या फांद्यांना फळांचे वजन पेलण्याआधी लाकूड धरायला पुरेसा अवधी मिळतो. वाणांपैकी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे साई सरबती आणि फुले सरबती हे वाण महाराष्ट्रात चांगले परिचित आहेत; विक्रम आणि प्रमालिनी हेही रोपवाटिकांमध्ये विचारून पाहता येतील.

रोपवाटिकेत सर्वांत उंच रोपाकडे हात जातो, पण उंची हा निवडीचा निकष नव्हे. गर्दीत वाढलेली रोपे उजेडासाठी वर धावतात आणि त्यांचे खोड काठीच्या आधाराशिवाय उभे राहत नाही. म्हणून रोपाची काठी क्षणभर सोडून पाहावी. खोड आपोआप उभे राहिले किंवा थोडेसेच झुकले, तर ते घ्यावे, आणि वाकून आडवे झाले, तर शेजारचे बुटके पण जाड खोडाचे रोप निवडावे. फळांनी लगडलेले लहान रोपही टाळावे, कारण त्याने मुळांवर खर्च करायची ताकद फळांवर खर्च केलेली असते.

पहिली फांदी पुष्कळदा घरी येतानाच मोडते. दुचाकीवरून रोप आणायचे असेल, तर फांद्या वरच्या बाजूस गोळा करून त्यांभोवती जुन्या ओढणीचा किंवा पंचाचा सैल वेढा द्यावा, रोप पायांशी पिशवीसह उभे ठेवावे आणि उचलताना नेहमी पिशवी धरावी, खोड कधीही धरू नये. खोड धरून उचलल्यास मातीचा गोळा सुटतो आणि बारीक तंतुमुळे तुटतात.

कुंडी, माती आणि जागा

पहिल्या वर्षासाठी 12 इंची कुंडी पुरते. त्यानंतर रोप 16 आणि पुढे 18 इंची कुंडीत हलवावे. सुरुवातीलाच मोठी कुंडी घेतली, तर मुळे न पोहोचलेली माती सतत ओली राहते आणि लिंबूवर्गीय झाडांना ओलीचा जाच कोरडेपणाहून अधिक होतो. माती निचऱ्याची हवी. दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि अर्धा भाग जाड वाळू हे मिश्रण माझ्या अनुभवात टिकते. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती शेतात उत्तम असली, तरी कुंडीत ती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात तडकून बारीक मुळे तोडते, म्हणून ती वापरू नये. कलमी रोप लावताना डोळा भरलेला जोड मातीपासून किमान 15 सेंटिमीटर वर राहील, याची खात्री करावी. जोड मातीत गाडला गेला, तर तिथून खोडाला डिंक आणणाऱ्या डिंक्या रोगाला वाट मिळते.

झाडाला रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. जागा ठरवताना उन्हाइतकाच वाऱ्याचाही विचार करावा. इमारतीच्या कोपऱ्यावर आणि दोन इमारतींमधल्या फटीत वारा घुसतो, तर कठड्याच्या आतल्या अंगाला तो बराच कमी जाणवतो. कुंड्या सुट्या न ठेवता जवळ जवळ ठेवल्यास त्या एकमेकींना आडोसा देतात. 18 इंची कुंडी ओल्या मातीसह 50 किलोंच्या पुढे जाते. म्हणून ती भरण्याआधीच कायमच्या जागी, विटांवर ठेवावी, म्हणजे खालचे पाणीही वाहून जाते.

आधाराची काठी कशी बांधावी

पुण्यात पाचव्या मजल्यावर राहत असताना मी माझे पहिले लिंबाचे रोप नायलॉनच्या दोरीने बाल्कनीच्या गजाला, शेंड्याच्या थोडे खाली, घट्ट बांधले होते. मे महिन्यातील एका संध्याकाळच्या वाऱ्यात ते दोरीच्या बरोबर वर मोडले. मला त्या वेळी वाईट तर वाटलेच, पण कारण समजायला आणखी एक वर्ष लागले. वाऱ्यात मोकळे खोड तळापासून शेंड्यापर्यंत थोडे थोडे वाकते आणि ताण सगळीकडे वाटला जातो. तेच खोड मध्येच जखडले, की खालचा भाग हलत नाही आणि सगळा ताण गाठीच्या जागी एकवटतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. हलणारे खोड तळाशी जाड होत जाते आणि त्याची मुळे पक्की धरतात. जखडून ठेवलेले खोड उंच वाढते, पण जाड होत नाही. म्हणजे घट्ट आधार जितका जास्त काळ ठेवावा, तितकी त्याची गरज वाढत जाते.

म्हणून आधार पुढीलप्रमाणे द्यावा. रोपाच्या दोन्ही बाजूंना, खोडापासून सुमारे सात-आठ सेंटिमीटर अंतरावर, कुंडीच्या तळापर्यंत पोहोचतील अशा दोन बांबूच्या काठ्या रोवाव्यात. हे काम रोप लावतानाच करावे, कारण नंतर काठी खुपसल्यास मुळे दुखावतात. त्यानंतर खोडाला खालून वर हलके पकडत जावे आणि ज्या सर्वांत खालच्या जागी धरल्यावर रोप स्वतःहून सरळ उभे राहते, ती जागा ठरवून बंध तिथेच, फार तर त्याच्या चार बोटे वर, घालावा. बंधासाठी जुन्या सुती साडीची किंवा बनियनच्या कापडाची दोन बोटे रुंद पट्टी घ्यावी आणि तिचा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा द्यावा, म्हणजे एका वळशात काठी आणि दुसऱ्या वळशात खोड येते आणि दोहोंच्या मध्ये पट्टीचा तिढा राहतो. खोडाभोवती करंगळी सहज फिरेल इतकी जागा सुटली पाहिजे. तार, नायलॉन आणि बारीक सुतळी वापरू नये. दर महिन्याला वेढा सैल करून त्याची जागा थोडी बदलावी, आणि खोड काठीशिवाय वाऱ्यात उभे राहू लागले, की साधारण आठ ते दहा महिन्यांत काठ्या काढून टाकाव्यात.

बेचकी आणि फांद्यांची मांडणी

फांदी खोडापासून ज्या कोनात निघते, त्यावर तिचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते. कोन रुंद असेल, तर खोडाचे आणि फांदीचे लाकूड एकमेकांत मिसळून घट्ट जोड तयार होतो. कोन अरुंद, इंग्रजी व्ही अक्षरासारखा असेल, तर दोहोंची साल वाढत वाढत आतच दबून राहते आणि वरून जाड दिसणारा जोड आतून केवळ टेकलेला असतो. पावसाच्या पाण्याने पाने जड झाली, की असे बेचके उभे चिरते आणि बरोबर खोडाची सालही ओढून नेते. हीच इजा सर्वांत वाईट असते.

रोप साधारण गुडघ्याएवढे झाले, की मांडणी सुरू करावी. जमिनीपासूनचा, म्हणजे मातीच्या पृष्ठभागापासूनचा पहिला 30 सेंटिमीटर भाग फांद्यांपासून मोकळा ठेवावा. त्यावर वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या, एकमेकींपासून आठ-दहा सेंटिमीटर अंतराने निघणाऱ्या तीन किंवा चार फांद्या राखाव्यात आणि एकाच ठिकाणाहून दोन-तीन फांद्या फुटल्या असतील, तर त्यांतील एकच ठेवावी. दोन शेंडे सारख्याच जोमाने वर जात असतील, तर एकाचा शेंडा लवकर खुडावा, कारण जुळ्या शेंड्यांचे बेचके पुढे हमखास चिरते.

चांगल्या जागी निघालेली फांदी फार उभी जात असेल, तर ती छाटण्याची घाई करू नये. कोवळेपणीच तिला आडवे करता येते. फांदी आणि खोड यांच्या मध्ये आईस्क्रीमच्या काडीएवढी कामटी अलगद अडकवावी किंवा फांदीला कापडी पट्टी बांधून तिचे दुसरे टोक कुंडीच्या काठाशी सैल ओढून ठेवावे. फांदी एका दिवसात हव्या त्या कोनात आणू नये. दर आठवड्याला थोडी थोडी ओढावी आणि साधारण 45 ते 60 अंशांवर थांबावे. हे करण्याची योग्य वेळ ओळखायला एक सोपी खूण आहे. लिंबूवर्गीय झाडांची नवती, म्हणजे नवी फूट, आडव्या छेदात गोल नसून त्रिकोणी असते आणि बोटाला तिच्या कडा लागतात. कडा जाऊन ती गोल झाली, की लाकूड धरले आहे असे समजावे. अगदी लुसलुशीत नवतीला हात लावू नये, कारण ती काचेसारखी मोडते; पाने पूर्ण उलगडून गडद होऊ लागली, पण फूट अजून पूर्ण गोल झाली नाही, तेव्हा ती वळते.

पानसोट वेळीच काढणे हा या कामाचाच भाग आहे. खोडातून किंवा जाड फांदीतून सरळ वर जाणारी, मोठ्या पानांची आणि लांब काट्यांची जोमदार फूट म्हणजे पानसोट. ती आतून कमकुवत वाढते, अन्न खाते आणि वाऱ्यात सर्वांआधी मोडते. बोटाएवढी असतानाच ती अंगठ्याने तोडून टाकावी. कलमी रोपावर जोडाच्या खालून आलेली फूट तर दिसताक्षणी काढावी, अन्यथा दोन वर्षांनी कुंडीत मोसंबीऐवजी जंबेरी उरते. जंबेरी आणि रंगपूर या दोन्ही खुंटांच्या कोवळ्या पालवीवर जांभळट झाक असते, त्यावरून ती ओळखता येते.

फळांचे ओझे

आपल्याकडे लिंबूवर्गीय झाडांना आंबे, मृग आणि हस्त असे तीन बहार, म्हणजे फुलण्याचे हंगाम, येतात आणि कुंडीतले कागदी लिंबू तर वर्षभर थोडे थोडे फुलत राहते. बियांच्या रोपाला फळे उशिरा येतात, पण लवकर फुलणाऱ्या गुटीच्या रोपावर पहिल्या वर्षी यांतील एकही फळ ठेवू नये. फुले राहू द्यावीत, त्यांचा वास घ्यावा, परंतु फळ वाटाण्याएवढे झाले, की ते खुडावे. दुसऱ्या वर्षी पेन्सिलीहून जाड फांदीवर एक किंवा दोन, आणि पूर्ण झाडावर आठ-दहा फळे पुरेत. कागदी लिंबाचे एक फळ साधारण 40 ते 50 ग्रॅम भरते, त्यामुळे पाच फळांचा घोस पाव किलोचा होतो. मोसंबीचे फळ 200 ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे तेवढाच घोस एक किलोचा, आणि तोही फांदीच्या टोकाला! म्हणून मोसंबी आणि संत्र्याला तिसऱ्या वर्षापर्यंत फळे धरू नयेत. घरातील मुलांना पहिले फळ हवे असते. एक फळ खोडाजवळच्या जाड फांदीवर राखून त्यांची इच्छा पूर्ण करता येते.

फळ तोडताना ओढू नये. देठ कात्रीने कापावा, कारण ओढलेल्या फळाबरोबर फांदीची साल सोलून येते. बागांमध्ये बहार धरण्यासाठी झाडाला पाण्याचा ताण देतात, पण कुंडीतील कोवळ्या झाडावर तो प्रयोग करू नये.

पाणी, खत आणि किडी

वरची दोन इंच माती बोटाला कोरडी लागली, म्हणजेच कुंडी वाफशावर आली, की तळातून पाणी निघेपर्यंत द्यावे आणि पुन्हा तशी वेळ येईपर्यंत थांबावे. उन्हाळ्यात ही वेळ रोज येऊ शकते, पावसाळ्यात आठवडाभर येणार नाही. पाणी खोडाच्या बुंध्यावर न ओतता कुंडीच्या काठाने द्यावे. मुळे उथळ असल्यामुळे माती खोलवर उकरू नये.

दर दोन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड 12 इंची कुंडीला पुरते. युरिया देण्याचा मोह टाळावा, कारण नत्र जास्त झाले, की नवती लांब, मऊ आणि जड पानांची येते आणि नेमकी तीच वाऱ्यात मोडते. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील, तर लोह किंवा जस्त कमी पडते आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर हे हमखास दिसते. शक्य असेल तेव्हा पावसाचे पाणी साठवून द्यावे.

नवतीवर पाने पोखरणारी नागअळी पांढऱ्या नागमोडी रेषा काढते, तर लिंबावरील फुलपाखराची अळी एका रात्रीत शेंडा फस्त करते. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून नजरेतून सुटते. ती हाताने वेचावी. नवती दिसू लागताच 5 टक्के निंबोळी अर्काची फवारणी आठवड्याच्या अंतराने दोनदा करावी. खैऱ्या रोगाचा वाऱ्याशी थेट संबंध आहे. वाऱ्यात काटे पानांना आणि कोवळ्या फांद्यांना टोचतात आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर रोगाचे जिवाणू त्या जखमांत शिरतात. म्हणून पावसाळ्याआधी खैऱ्याचे खरबरीत डाग असलेले डहाळे कापून झाडावर कॉपर ऑक्सिक्लोराइड 3 ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात फवारावे.

वळीव येण्याआधी

आभाळ भरून आले आणि वारा पडला, की हाताशी असलेल्या अर्ध्या तासात हलवता येणाऱ्या कुंड्या भिंतीलगत आणाव्यात, लटकणाऱ्या लांब फांद्यांवरची तयार फळे काढून घ्यावीत आणि फांद्यांभोवती कापडाचा एक सैल वेढा द्यावा. कुंडी पडण्याची भीती असेल, तर कुंडीला दोरी बांधावी. झाडाला बांधू नये. पाऊस थांबल्यावर झाड हलके हलवून पानांवरचे पाणी झाडावे आणि कापड लगेच सोडावे.

फांदी मोडलीच तर

फांदी पूर्ण तुटून पडली असेल, तर उरलेला खुंटारा तसाच ठेवू नये, कारण तिथून शेंडेमर, म्हणजे टोकाकडून वाळत येण्याचा रोग, आत उतरते. स्पिरिटने पुसलेल्या धारदार कात्रीने तो मूळ जागी, फांदीच्या बुडाशी असलेली फुगीर कड शाबूत ठेवून, थोडा तिरका कापावा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावावी. घरापुरती पेस्ट करण्यासाठी 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि 100 ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्धा लिटर पाण्यात भिजवावा आणि थंड झाल्यावर दोन्ही एकत्र ढवळावे. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्यावीत, हातमोजे घालावेत. मिश्रणात लोखंडी पाते क्षणभर बुडवून त्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुना घालावा. ही पेस्ट त्याच दिवशी वापरावी.

बेचके चिरले असेल, पण निम्म्याहून अधिक साल अजून चिकटलेली असेल, तर फांदी वाचू शकते, मात्र काम पहिल्या काही तासांत, लाकूड ओले असतानाच व्हायला हवे. प्रथम त्या फांदीवरची सगळी फळे आणि निम्मी पाने काढून तिचे वजन आणि तहान कमी करावी. चिरेत अडकलेली माती किंवा सालीचे तुकडे स्वच्छ पाण्याने धुवावेत. शेण, हळद किंवा चिखल भरू नये, कारण त्यामुळे दोन्ही कडा एकमेकींना भिडत नाहीत. एका माणसाने फांदी उचलून कडा तंतोतंत जुळवून धरावी आणि दुसऱ्याने कलम बांधण्याची प्लॅस्टिक पट्टी खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, ताणून गुंडाळावी. इथे मात्र बंध घट्टच हवा, कारण जोड हलला तर तो सांधत नाही. त्यानंतर फांदीखाली बेचक्याच्या आकाराची काठी कुंडीत रोवून तिला टेकू द्यावा आणि कुंडी दोन आठवडे सावलीच्या कडेला, वाऱ्याबाहेर ठेवावी.

आठ-दहा दिवसांनी पाने ताठ असतील, तर फांदी जगली आहे. ती कोमेजून वाळली असतील, तर वाट न पाहता वर सांगितल्याप्रमाणे फांदी कापून टाकावी. सहा ते आठ आठवड्यांनी पट्टी उघडून पाहावी. चिरेच्या दोन्ही बाजूंनी सालीची उंच, फिकट वळी तयार झालेली दिसेल. ती एकमेकींना मिळाली नसेल, तर आणखी महिनाभर पट्टी पुन्हा सैलसर बांधावी. खालचा टेकू मात्र पुढचा संपूर्ण पावसाळा काढू नये आणि त्या फांदीवर येणारा पुढचा बहार, फळ वाटाण्याएवढे असतानाच, खुडून टाकावा.